सून कुठल्या टीमची

आमच्या सुनेला बंदूक उत्तम चालवता येते, हे मला लग्नाचा मांडव उतरल्यावर कळलं. बघायच्या कार्यक्रमात स्वयंपाक येतो का, विणकाम येतं का, गळा कसा आहे, सगळं विचारून झालं होतं. बंदुकीचं विचारायचं कुणाच्या डोक्यात येणार? आणि खरी बंदूक नव्हे हो, कॉम्प्युटरवरची. पण हा खुलासाही मला जरा उशिराच झाला.

साल दोन हजार पाच-सहाचं असेल. मी शाळेतून नुकती निवृत्त झाले होते. रत्नागिरीत मांडवीला आमचं घर, मुलगा इथेच नोकरीला, आणि यांची गावाकडे आंब्याची थोडी कलमं. मुलाला चिपळूणची मुलगी केली. तुळशीची लग्नं लागली आणि पहिल्या मुहूर्ताला आम्ही बार उडवून दिला. व्याही सरकारी नोकरीतून मोकळे झालेले. त्यांनी तिथल्या बाजारात सायबर कॅफे टाकला होता. तेव्हा असे कॅफे जागोजाग निघाले होते. पोरं तिथे रिझल्ट बघायची, परदेशातल्या भावाला ईमेल करायची आणि उरलेला सगळा वेळ गेम खेळत बसायची. आमची सून लग्नाआधी वडिलांच्या कॅफेत असायची. मी समजले, काउंटरवर बसत असेल.

पहिल्याच रविवारी सकाळी ती केस विंचरून, खांद्याला पिशवी लावून माझ्यापुढे उभी.

"आई, चिपळूणला जाऊन येऊ? मॅच आहे."

"कुणाची?"

"माझी."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. खोखो म्हणावं तर पायात साधी चप्पल. बॅडमिंटन म्हणावं तर हातात रॅकेट नाही. पिशवीत बघते तर कानाला लावायचे ते भलेमोठे हेडफोन आणि रुमालात गुंडाळलेला कॉम्प्युटरचा माउस. मग तिने मला समजावलं. खेड, दापोली, चिपळूण, देवरूख, लांजा आणि रत्नागिरी, अशा सहा ठिकाणच्या कॅफेंनी मिळून लीग काढली होती. प्रत्येक कॅफेची पाच जणांची टीम. दर रविवारी एकमेकांकडे जाऊन खेळायचं. जिंकलं की गुण. दसऱ्याला सीझन सुरू, शिमग्याच्या आधी फायनल, कारण पुढे आंबा सुरू झाला की कुणाला फुरसत नाही. एका कॉम्प्युटरवाल्याने कप ठेवला होता आणि सगळ्यांना टीशर्ट दिले होते.

"आणि खेळायचं काय?"

"पाच जण बॉम्ब ठेवतात, पाच जण तो निकामी करतात."

"अगो बाई! तू कुठल्यात?"

"अर्धा वेळ ह्यांच्यात, अर्धा वेळ त्यांच्यात."

मी इतकी वर्षं पोरांना अपूर्णांक शिकवले, पण हे गणित काही मला सुटलं नाही. मुलाकडे बघितलं तर तो पेपरात डोकं घालून बसलेला. ह्याला आधीपासून ठाऊक होतं! "जा, पण संध्याकाळच्या आत ये," एवढंच मी म्हटलं. दुसरं काय बोलणार?

तसं बघितलं तर बंदुकीपेक्षा मला खुपत होतं ते भलतंच. ही पोर घरात फार नीट वागायची. हसाल तुम्ही, पण खरंच सांगते. एकदा कुळथाच्या पिठल्यात मी मीठ घालायलाच विसरले. ह्यांनी पहिल्या घासाला ताट सरकवलं. मुलगा ओरडला, "आई, मीठ!" आणि ही? खाली मान घालून अळणी पिठलं भाताशी कालवून खात होती. म्हणाली, "छान झालंय आई." काही केलं तरी छान झालंय. भात करपला तरी छान. मी मनात म्हटलं, ही पाहुणी आहे. पाहुणी कधी नावं ठेवत नाही. सून उंबरठा ओलांडून आत आली, पण घरची काही झाली नाही. होईल की नाही, कधी होईल, ह्याचा मला घोर लागून राहिला. कुणाला सांगायची सोय नव्हती. लोक म्हणतील, सून गोड बोलते ह्याचीही हिला तक्रार!

त्यातच रत्नागिरीच्या कॅफेचा मालक पेढे घेऊन घरी आला. तरतरीत माणूस, मोठा बोलका.

"काकू, अभिनंदन! वहिनी आता आपल्या टीमची."

"म्हणजे?"

"म्हणजे आता चिपळूणकडून नाही खेळायचं. आपल्याकडून. नियमच आहे तसा."

नियम कुठला, तर गावच्या क्रिकेटचा! ह्या सहाही कॅफेवाल्यांनी जन्मभर गावागावांत टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवल्या होत्या. कॉम्प्युटरची लीग काढली, पण नियम नवे कोण करत बसणार? तेच उचलले. गावच्या क्रिकेटला असं असतं, की ज्याची चूल ज्या गावात, तो त्या गावचा. नाहीतर मुंबईहून दोन तगडे बॉलर आणून लोक कप मारून नेतात. आता बॉलरचं ठीक आहे. पण लग्न झालेल्या मुलीची चूल कुठली, हा प्रश्न त्या क्रिकेटमध्ये कुणाला पडलाच नव्हता, कारण त्यात मुली कुठे होत्या?

चिपळूणची पोरं भडकली. सीझन अर्धा झाला, आमची ताई तुम्ही नेणार कशी? रत्नागिरीवाले म्हणाले, ताई होती तेव्हा होती, आता आमची वहिनी आहे. बाकीचे चार कॅफेवाले म्हणाले, निकाल लागेपर्यंत तिला कुणाकडूनच खेळू देऊ नका. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, म्हणतात ना, तशी माझी गत झाली.

मी सुनेला विचारलं, "तुला कुणाकडून खेळायचंय?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, आई."

एवढा राग आला मला! अगो, एकदा तरी सांग ना काय हवंय ते! पण निवडलेल्या भाजीत तिचे दोन अश्रू पडलेले मी बघितले. मग राग गेला, आणि गोंधळ मात्र होता त्याहून वाढला.

रविवारी दुपारी इथल्याच कॅफेत सहाही मालकांची सभा भरली आणि मला बोलावणं आलं. चुलीचा निकाल द्यायचा तर साक्ष चुलीच्या मालकिणीची! मी नेसतं लुगडं बदलून, शाळेत इन्स्पेक्शनला जावं तशी गेले. सगळे कॉम्प्युटर बंद, वीज गेलेली. भारनियमनाची वेळ. कोंदट अंधारात हे सगळे बाप्ये ओळीने बसलेले. व्याहीही होते. मुलीचा बाप, मुलीच्या सासूसमोर काय बोलणार? "विहीणबाई म्हणतील तसं," म्हणाले. सून दाराशी उभी होती.

"काकू, सरळ सांगा," इथला मालक म्हणाला. "वहिनी तुमच्या चुलीवरची, की नाही?"

आता सांगा, काय बोलू? होय म्हटलं, तर पोरीची टीम जाते. लहानपणापासूनची तिची ती पोरं, तिचा बाप, तिची ती खुर्ची. आणि नाही म्हटलं, तर दहा माणसांत मी सांगितल्यासारखं होतं, की ही आमच्या घरची नाही. तेही तिच्यासमोर. आधीच जी पाहुण्यासारखी वागते, तिच्यासमोर! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी दाराकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, पण तिला होय ऐकायचंय की नाही ऐकायचंय, ते काही मला तिच्या चेहऱ्यावरून वाचता येईना.

आणि मग तोंडातून काहीतरी निघून गेलं. कसं, ते आजही सांगता येत नाही.

"सून आमचीच आहे," मी म्हटलं. "आमच्याच चुलीवरची. पण आमच्यात पहिल्या वर्षी मुलीला माहेरपणाला धाडतात. ती आता माहेरी जायची आहे. शिमग्यापर्यंत. माहेरी गेलेली मुलगी माहेरच्या चुलीवर जेवते. मग तोवर ती कुठली, ते तुम्हीच ठरवा."

दापोलीचा मालक वयाने मोठा होता. त्याने मान डोलावली. म्हणाला, "बाईंचं बरोबर आहे." मग पुष्कळ वाद झाला. शेवटी निकाल असा लागला, की शिमग्यापर्यंत ती चिपळूणची. पण अट एक. तोवर सासरच्या चुलीवरचा एक घास खायचा नाही. खाल्ला, की हरकत घेणार. आणि हे सगळं इतक्या गंभीरपणे, जशी काही हायकोर्टाची बेंच बसली आहे!

घरी आल्यावर हे म्हणाले, "आपल्यात कधी असतं गो एवढं लांबलचक माहेरपण?"

"आता असतं," मी म्हटलं आणि दिवा लावायला गेले. महिना झाला नाही लग्नाला, आणि मी माझ्या हाताने सून माहेरी धाडत होते. निघताना तिची ओटी भरली. ती नमस्कार करून म्हणाली, "येते आई." पाहुणी आता खरोखरच पाहुणी होऊन गेली. परत येईल ती कुठली होऊन येईल?

पुढचे दिवस नुसते गोंधळाचे. मुलगा दर शनिवारी मोटारसायकल काढून चिपळूणला पळायचा आणि सोमवारी लाडवांचा डबा घेऊन यायचा. जावईपण सोसवेना त्याला, पँटी घट्ट व्हायला लागल्या. इकडे मांडवीत बायका विचारायला लागल्या, "सून दिसत नाही ती?" ह्यातल्या 'ती'चा अर्थ मला कळत नव्हता असं नाही. एकदा समुद्रावर फिरताना एकीने हळूच विचारलं, "काही बिनसलं का हो?" मी फटकन म्हटलं, "काही बिनसलं नाही. बॉम्ब निकामी करायला गेलीय!" बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग दोन दिवस सगळ्या माझ्याशी फार प्रेमाने बोलत होत्या. वेड लागलं असं वाटलं असावं त्यांना.

संक्रांत आली. पहिली संक्रांत. काळी साडी मी आधीच घेतली होती आणि हलव्याचे दागिने घरी बसून केले होते. हलव्याला काटा यावा म्हणून शेगडीपुढे बसून बसून पाठ धरली होती. आता ती शिमग्यापर्यंत माहेरची, म्हणून मीच ते सगळं डब्यात घालून एसटीने चिपळूण गाठलं. घरी कुणी नाही. सगळे कॅफेत. मी तिकडे गेले, तर ती कानाला हेडफोन लावून बसलेली. तोंडाने सारखी बोलत होती, "डावीकडून जा रे, थांब, थांब, मी बघते." आणि आजूबाजूची चार दांडगी पोरं तिचं मुकाट ऐकत होती! आमच्या घरी जिच्या तोंडून "छान झालंय" पलीकडे काही निघत नव्हतं, ती हीच का? मला काही उमगेना. मी तशीच दारात डबा धरून उभी राहिले.

तिने बघितलं आणि हेडफोन काढून धावत आली. तिथेच, त्या कॉम्प्युटरांच्या मधोमध, टीमच्या टीशर्टवरच मी तिला हलव्याचे दागिने घातले. हार, बाजूबंद, बिंदी, सगळं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकाने हाराचा एक दाणा तोडून तोंडात टाकला, आणि मग काय, माझे आठवड्याचे कष्ट त्या मेल्यांनी घटकेत फस्त केले. ती हसत होती. तोंडाशी हात नेऊन मात्र एकदम थांबली.

"आई, हा हलवा आपल्या शेगडीवरचा ना? मग मला चालायचा नाही."

'आपल्या' म्हणाली. येताना गाडीत सारखा तोच शब्द डोक्यात. पण सहज म्हणाली असेल, मी मनाला बजावलं. उगाच काहीतरी ऐकू नकोस.

फायनल रत्नागिरीत आली. आणि समोर कोण, तर चिपळूण आणि रत्नागिरीच! दुपारी वीज जाते म्हणून मॅच सकाळी ठेवली होती. ती वडिलांबरोबर आली ती थेट आमच्या घरी, नमस्कार करायला. मी पहाटेपासून स्वयंपाकात होते. कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी. पण उपयोग काय? ती उंबऱ्याशी थबकली.

"पाणी तरी घेशील? का तेही नाही?"

तिने विचार केला. व्याह्यांनीही केला. "पाणी चुलीवरचं नसतं," ते म्हणाले. मग ती पाणी प्यायली, स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं, आणि गेली.

कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. मला पुढची खुर्ची दिली. मुलगा रत्नागिरीच्या गर्दीत, पण डोळे बायकोवर. खेळ सुरू झाला आणि मला काही म्हणजे काही कळेना. एकेका पडद्यावर वेगळं दिसतं. भिंती, जिने, खोकी, नि नुसता ठो ठो आवाज. मी ज्या शिपायाला इतका वेळ "जा, जा" म्हणत होते, तो रत्नागिरीचा निघाला. मध्येच सगळे थांबले, आणि मघाचे पोलीस आता अतिरेकी झाले. आणि कुणाला त्याचं काही वाटेना!

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "वहिनी मेली! वहिनी मेली!"

मी ताडकन उठले. "मेल्या, जीभ झडेल तुझी! नवीन लग्न झालंय तिचं!"

सगळा कॅफे हसायला लागला. मुलगा मला खाली बसवत म्हणाला, "आई, पुढच्या डावात जिवंत होते ती." आणि झालीही. मी नाव घेतलं देवाचं आणि गप्प बसले. पण कुणासाठी देवाला सांगू, तेही कळेना. चिपळूण जिंको म्हणावं, तर आमची रत्नागिरी. रत्नागिरी जिंको म्हणावं, तर माझी सून. शेवटी म्हटलं, देवा, काहीही कर, पण हे झाल्यावर ती घरी येऊ दे.

शेवटी तिच्या टीमची सगळी पोरं मेली आणि खुर्चीत मागे रेलली. तिचे एकटीचेच हात चालू होते. कॅफेत चिडीचूप. आणि मग एकदम धडाका झाला, पडदे लाल झाले, अर्धी माणसं उड्या मारायला लागली. तिने हेडफोन काढून ठेवले, माउस रुमालात गुंडाळला. चेहऱ्यावरून काही कळेना. समोरच्या पोरांशी हात मिळवला, वडिलांच्या पाया पडली. मी मुलाला विचारलं, "कोण रे?" तर तो म्हणाला, "आपण जिंकलो," आणि डोळे पुसायला लागला.

इथल्या मालकाने कप वर धरला होता. आम्ही निघालो तसा ओरडला, "वहिनी, पुढच्या सीझनला आपल्याकडून हां!"

तिने मान डोलावली की नाही, मला दिसलं नाही.

रिक्षात ती माझ्या शेजारी बसली. मला वाटलं, ती आता बॅग घ्यायला म्हणून परत वडिलांबरोबर जाणार. किंवा हरल्याचं दुःख आमच्यावर काढणार. काढलं असतं तरी चाललं असतं. पण ती माउसचा रुमाल मांडीवर घेऊन बाहेर बघत होती. शेवटी म्हटलं, "वाईट वाटतंय का गो?"

"थोडक्यात गेला, आई. बॉम्बच्या तारेला हात लावला होता मी." मग जरा वेळाने म्हणाली, "भूक लागलीय."

घरी आल्यावर पाय धुऊन ती सरळ आत गेली. मी ताट घेईपर्यंत तिने झाकण काढून, वाटीत पिठलं घेऊन, उभ्याउभ्याच भाताचा पहिला घास तोंडात टाकला होता. मी दारात उभी. इतक्या दिवसांनी आमच्या चुलीवरचा पहिला घास. ती चावली, थांबली, आणि माझ्याकडे वळून कपाळाला आठी घालून म्हणाली,

"आई, मीठ कमी आहे."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी. ती घाबरली, "काय झालं?" म्हणत जवळ आली. मी फळीवरची मिठाची बरणी काढली आणि तिच्या हातात दिली. "घाल तूच," म्हटलं.